कचेरी आधी, शहर मागून

नागपूरच्या माणसाला विचारा, तुमचं गाव कोणी वसवलं? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह आणि १७०२ हे साल तो झोपेतही सांगेल. अचलपूरला ईल राजाची कथा आहे, औरंगाबादला मलिक अंबर आहे. या अंकासाठी संपादकांनी ‘गाव वसतं तेव्हा’ हा विषय दिला आणि मी यवतमाळ घेतलं, तेव्हा असंच एखादं नाव, निदान एखादी दंतकथा हाती लागेल असं धरून चाललो होतो. राजा शिकारीला निघाला, सशाने कुत्र्यावर चाल केली, राजा म्हणाला इथेच गाव वसवा, असलं काहीतरी. यवतमाळात पुतळे पुष्कळ आहेत, पण त्यांतला एकही संस्थापकाचा नाही. शहराचा वाढदिवस कोणी साजरा करत नाही, कारण तो कोणता धरायचा हा प्रश्न आहे.

तिरंगा चौकात, जिल्हाधिकारी कचेरीच्या समोर, उपोषणाचा मंडप बहुधा रिकामा राहत नाही. एक उठतो, दुसरा बसतो. आसपास मुद्रांक विकणारे, झेरॉक्सवाले, अर्ज लिहून देणारे आणि तर्री-पोह्यांच्या गाड्या. कागदांची पिशवी पोटाशी धरून बसलेल्या एका काकांना विचारलं, “काका, यवतमाळ वसवलं कोणी?” त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कचेरीच्या फाटकाकडे. “कलेक्टरनं वसवलं ना भाऊ, अजून कोनं!” शेजारचे दोघेतिघे हसले.

पुढे वऱ्हाडाची जुनी गॅझेटिअरं उघडली, या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ पाहिला, नकाशा पसरला, आणि वाटलं की काका विनोद करत नव्हतेच. या शहराला राजाने जन्म दिला नाही, किल्ल्याने नाही, तीर्थाने नाही, नदीने तर नाहीच. एका लहानशा परगण्याच्या गावात इंग्रजांनी कचेरी आणून ठेवली. कचेरीमागून रस्ते आले, रस्त्यांमागून कापूस, कापसामागून माणसं. पाणी तेवढं कोणाच्याच मागून आलं नाही, आणि त्याचा हिशेब शहर अजून चुकवतं आहे.

योत-लोहारा

कचेरीच्या आधी इथे काहीच नव्हतं असं मात्र नाही. १५९६ साली चांदबिबीला वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावा लागला. त्याच सुमाराच्या अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांची आणि महालांची यादी आहे. तीत ‘योत-लोहारा’ हा महाल सापडतो. योत म्हणजे आजचं यवतमाळ, त्या वेळचं येवत किंवा येवता. पुढे त्याला महाल चिकटला आणि झिजून ‘माळ’ झाला. लोहारा हे पश्चिमेला पाचेक किलोमीटरवरचं गाव. दोन गावांचा मिळून एक परगणा, म्हणून जोडनाव.

परगण्याचं ठाणं म्हणून गावाला फार काही लागत नसे. गावात पाटील आणि कुळकर्णी, परगण्यावर देशमुख आणि देशपांडे. देशमुखाने वसूल गोळा करायचा, देशपांड्याने तो कागदावर चढवायचा. पीक उभं असताना पाहणी, खळ्यावर आल्यावर मोजणी, आणि वरचा अंमलदार बदलला तरी खालची ही चौकडी तीच. वऱ्हाडात वरचे अंमलदार तर इतक्या वेळा बदलले की सामान्य रयतेने हिशेब ठेवणं सोडून दिलं असावं. मोगल, निजाम, नागपूरकर भोसले. आणि बराच काळ निजाम व भोसले दोघेही एकाच वेळी, त्याला दुअंमल म्हणत. १८०३मध्ये अडगाव आणि गाविलगडच्या पराभवानंतर देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला, तो निजामाकडे गेला. या सगळ्या उलथापालथीत योत-लोहारा जागच्या जागी होतं. मोठ्या इतिहासात त्याला कोणी बोलावलं नाही, हे त्याचं भाग्यच म्हणायचं. १८१८च्या एप्रिलमध्ये पळता पळता दुसरा बाजीराव इंग्रजांच्या हाती सापडता सापडता राहिला, तोसुद्धा पांढरकवड्याच्या बाजूला.

दारव्हा रस्त्याने लोहाऱ्याला गेलात तर आता मधे शेत लागत नाही. एमआयडीसीच्या शेड, ट्रकांची रांग, मंगल कार्यालयं, आणि त्यातच कधीतरी तुम्ही लोहाऱ्यात शिरलेले असता. कमलेश्वराचं जुनं देऊळ आहे, महाशिवरात्रीला तिथे गर्दी लोटते. गावाचं नाव विसाव्या शतकात एकदाच मोठ्या बातमीत आलं. १९३०च्या जुलैमध्ये जंगल सत्याग्रहाच्या वेळी डॉ. हेडगेवार यांनी लोहाऱ्याच्या राखीव जंगलात कायदा मोडून अटक करून घेतली. आता तिथे जंगल दाखवा म्हटलं तर बोट बरंच लांब दाखवावं लागतं. नगरपालिकेच्या अलीकडच्या हद्दवाढीत वडगाव, उमरसरा, वाघापूर, पिंपळगाव, भोसा या गावांबरोबर लोहाराही यवतमाळात आलं. अकबराच्या कारकुनाने एका ओळीत लिहिलेली दोन गावं सव्वाचारशे वर्षांनी एका मालमत्ता-कराच्या पावतीवर आली. लोहारेकरांना या योगायोगाचं काही कौतुक नाही. त्यांची तक्रार कर वाढला पण नळ तसाच, अशी आहे.

त्याच जुन्या यादीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. तेव्हाचं मोठं ठाणं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं गाव, कळंब होतं. ‘सरकार कळंब’. माहूरचं दुसरं सरकार, आणि आजचा यवतमाळ जिल्हा साधारण या दोहोंत वाटलेला. कळंब यवतमाळहून नागपूरच्या रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटर. चक्रावती नदीच्या काठी. आज ते ओळखलं जातं चिंतामणीसाठी. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, समोर कुंड. गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने या गणपतीची स्थापना केली अशी कथा आहे, आणि काही वर्षांतून एकदा कुंडाचं पाणी आपोआप चढून मूर्तीच्या पायांपर्यंत येतं हा भाविकांचा ठेवा. नदी, दैवत, कथा, बादशाही ठाणं: शहर होण्यासाठी जे जे लागतं ते सगळं कळंबकडे होतं. शहर झालं ते यवतमाळ.

नकाशावर बोट

हैदराबादच्या फौजेचा खर्च निजामाकडे थकला म्हणून १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा. काही काळ हा सगळा भाग अमरावतीच्या कचेरीतून पाहिला जाई. १८६४ साली यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे चार तालुके वेगळे काढून नवा जिल्हा केला. नाव आधी ‘आग्नेय वऱ्हाड’, पण असल्या होकायंत्री नावाने कोण हाक मारणार? मग ‘वणी जिल्हा’ झालं. इंग्रजी कागदांत ‘वून’.

गंमत अशी की जिल्हा वणीचा आणि कचेरी यवतमाळला. वणी शंभर किलोमीटरच्या पलीकडे, निर्गुडेच्या काठी, जुनं आणि भरभक्कम गाव. चाळीसएक वर्षं वणीच्या नावाने हुकूम निघत राहिले आणि त्यांवर सही यवतमाळला होत राहिली. १९०५मध्ये वाशीम जिल्हा मोडला, त्यातला पुसद तालुका इकडे जोडला, आणि त्या निमित्ताने जिल्ह्याचं नाव बदलून यवतमाळ केलं. वणीकरांच्या मनातून ते पुरतं उतरलेलं नाही. वणीला वेगळा जिल्हा करा ही मागणी दर निवडणुकीला डोकं वर काढते. इकडे पुसदकरही तेच म्हणतात. दोघांच्याही बोलण्यात एक वाक्य हमखास असतं, की आम्हाला एका सहीसाठी यवतमाळला जावं लागतं.

यवतमाळच का? नकाशावर ते चार तालुके बाहेरच्या रेघेने आखून पाहा. पश्चिमेला दारव्हा, आग्नेयेला केळापूर आणि त्याच्याही पुढे टोकाला वणी. यवतमाळ मधोमध नाही, पण दारव्हा आणि केळापूर दोन्हीकडे घोड्याने जाता येईल असं आहे, आणि अमरावतीला, म्हणजे वरच्या साहेबाला, वणीपेक्षा कितीतरी जवळ. दुसरी गोष्ट उंची. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, पठाराच्या काठाशी. वणी त्याच्या जवळपास निम्म्यावर. वैशाखात वणी-राजूरच्या बाजूने यवतमाळकडे येणाऱ्याला संध्याकाळच्या वाऱ्यात हा फरक अंगाला लागतो. मे महिन्यात लोकरी गणवेशात घामाघूम झालेल्या अधिकाऱ्याला तो लागला नसेल असं मला वाटत नाही. माळरान मोकळं, हवा कोरडी, डास कमी. नदी नाही म्हणून पूर नाही, दलदल नाही. छावणी आणि बंगला यांच्या दृष्टीने नदी नसणं हा त्या काळी गुणच ठरला असणार.

वसाहतवाल्यांचं गाव वसवणं जगभर अशाच निवडीने झालं, फक्त प्रत्येकाचा केंद्रबिंदू वेगळा. स्पेनच्या फिलिप राजाने १५७३मध्ये नवी गावं कशी आखावी याचे नियमच काढले होते: मधे चौक, चौकाच्या कडेने चर्च आणि कारभाराची इमारत, तिथून सरळ रस्ते. फिलिपीन्समध्ये विखुरलेल्या वस्त्या चर्चच्या घंटेच्या टप्प्यात आणून बसवल्या गेल्या. तिथल्या लहान लहान गावांनाही म्हणून स्थापनेची तारीख असते आणि ती थाटाने साजरी होते. इंग्रजांना वऱ्हाडात माणसं एकत्र गोळा करायची नव्हती, वसूल गोळा करायचा होता. त्यामुळे मधे चर्च आलं नाही, खजिना आला. अमेरिकन फ्री मेथॉडिस्ट मिशनचे लोक नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पोचले. पुढे १९५३मध्ये इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, देशभरातून विद्यार्थी यायचे, आणि १९८३मध्ये ती पुण्याला गेली. शहरात कोणी फारशी आठवण काढत नाही.

फाटकाबाहेरची वस्ती

कचेरी आली म्हणजे नक्की काय आलं? कलेक्टर, म्हणजे वऱ्हाडच्या भाषेत तेव्हा डेप्युटी कमिशनर, हा एकच माणूस. पण त्याच्यामागून खजिना, खजिन्यावर पहारा, पहाऱ्यासाठी पोलीस लाईन, पकडलेल्यांसाठी तुरुंग, निवाड्यासाठी कोर्ट, कागदासाठी रेकॉर्ड रूम, डाक, दवाखाना, फिरतीवरच्या साहेबासाठी डाकबंगला, जंगल खात्याची कचेरी. आणि मग फाटकाबाहेरची, सरकारने न बोलावलेली माणसं. वकील, वकिलाचा कारकून, मोडी वाचून देणारा, अर्जनवीस, स्टँपवाला, साक्षीदारांना जेवू घालणारी खानावळ, तारखेच्या आदल्या रात्री मुक्कामाला येणाऱ्यांसाठी धर्मशाळा, बैलांसाठी कडबा विकणारा. तारीख पुढे गेली की या सगळ्यांचा आणखी एक दिवसाचा धंदा. तारखा पुढे जाण्यावर एखादं शहर उभं राहू शकतं यावर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी सोमवारी सकाळी कोर्टाच्या आवारात एक फेरी मारावी.

शहराच्या जुन्या भागांची नावं अजून हेच सांगतात. ‘सिव्हिल लाईन’ म्हणजे साहेबांची वस्ती, ‘मेन लाईन’ म्हणजे बाजार. पाटीपुरा, तलावफैल या कष्टकऱ्यांच्या जुन्या वस्त्या. मग नगरं, आणि आता ले-आउट. रस्त्यांना तर आपली नावंच नाहीत, जिथे पोचतात त्या गावाची आहेत: दारव्हा रोड, आर्णी रोड, घाटंजी रोड, पांढरकवडा रोड, धामणगाव रोड. पत्ता सांगताना यवतमाळकर दिशा सांगत नाही, कुठल्या तालुक्याच्या रस्त्याला ते सांगतो. लोक बाहेरून येण्यासाठी बनलेल्या गावात दुसरं काय असणार.

नगरपालिका १८६९मध्ये एकदा स्थापन झाली आणि थोड्याच काळात बंदही पडली. १८९४मध्ये ती पुन्हा उभी राहिली. १९०१च्या जनगणनेत गावाची वस्ती होती १०,५४५. जिल्ह्याचं ठाणं होऊन तीन तपं झाल्यावरही दहा हजार. म्हणजे कचेरीने शहराचा सांगाडा दिला, अंग भरलं नाही.

पण वकिलांनी एक वेगळी गोष्ट केली. वणीत १८८०मध्ये जन्मलेले माधव श्रीहरी अणे १९०८मध्ये यवतमाळला वकिलीला आले, तेही शेवटी कोर्टामुळेच. टिळकांचे अनुयायी, पुढे सगळ्या वऱ्हाडाचे लोकनायक बापूजी. १९१८मध्ये त्यांनी इथून ‘लोकमत’ नावाचं साप्ताहिक काढलं. जवाहरलाल दर्डा यांनी स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा सुरू केलं आणि आजच्या दैनिकाची वंशावळ तिथपर्यंत जाते. १० जुलै १९३० रोजी बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापलं आणि कैदेत गेले. जंगल राखीव करणारी कचेरी यवतमाळला, तिच्याविरुद्ध युक्तिवाद करणारा वकील यवतमाळचा, आणि ते छापणारा छापखानाही तिथलाच. साहेबाने स्वतःच्या सोयीसाठी गाव निवडलं, आणि त्याच गावात त्याला विरोध करणाऱ्यांची सोय होऊन बसली. पुढे दोनदा, १९७३मध्ये ग. दि. माडगूळकर आणि २०१९मध्ये अरुणा ढेरे अध्यक्ष असताना, इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. दुसऱ्या वेळी नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून देशभर गदारोळ झाला आणि उद्घाटन केलं ते आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने, वैशाली येडे यांनी. मांडवात बसलेल्या कित्येकांना तोच त्या संमेलनातला खरा क्षण वाटला, मलाही.

धामणगावचा रस्ता

अंग भरलं ते कापसाने. जिल्हा निघाला ते १८६४ साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस अडकला होता, मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे डोळे लावून होत्या आणि मुंबईच्या बाजारात वऱ्हाडी कापूस अमरावतीच्या नावाने, ‘उमरा’ म्हणून, चढ्या भावाने जात होता. यवतमाळच्या काळ्या जमिनीतून वसूल नीट यावा म्हणून जिल्हा लहान करणं, कचेरी जवळ आणणं, या गोष्टी त्या वर्षांत सुचल्या यात आश्चर्य नाही. १८६७मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. ती यवतमाळहून गेली नाही. जवळचं स्टेशन धामणगाव, अमरावती जिल्ह्यात, २९ मैलांवर.

मग ते २९ मैल म्हणजेच यवतमाळचं नशीब ठरलं. दिवाळी सरली, वेचणी सुरू झाली की खेड्याखेड्यांतून बंड्या निघायच्या. थेट धामणगावला जायचं तर बैल दमतात, मधे मुक्काम हवा, आणि सुटा कापूस जागा फार खातो. म्हणून यवतमाळला कापूस विकायचा, तिथेच सरकी काढायची, गाठी बांधायच्या आणि गाठी धामणगावला धाडायच्या. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, त्यांच्याबरोबर अडते, दलाल, मापारी, हमाल. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी आले आणि मेन लाईन भरली. शेतकरी बंडी रिकामी करून पैसे घेणार, त्यातच लग्नाचं कापड, तेल-मीठ आणि सावकाराचं व्याज भागवणार. कचेरीचं काम आणि बाजाराचं काम एकाच खेपेत होऊ लागलं तेव्हा कळंब आणि लोहारा खऱ्या अर्थाने मागे पडली.

वजनात आणि भावात शेतकऱ्याला नागवण्याचे प्रकार तेव्हाही होतेच. त्यावर देशातला पहिला बाजार कायदा वऱ्हाडातच झाला, १८९७चा कापूस आणि धान्य बाजार कायदा. कारंज्यात तर १८८६पासूनच नियंत्रित बाजार होता. १९७२मध्ये महाराष्ट्राने एकाधिकार कापूस खरेदी आणली, तीही आता इतिहासजमा झाली. हंगामात जिनिंगच्या फाटकाबाहेर उभ्या गाड्यांची रांग पाहिली की वाटतं, बंड्यांच्या जागी ट्रॅक्टर आणि मेटॅडोर आले, पण ओलावा किती टक्के यावरचा वाद आजोबांच्या वेळचाच आहे.

यवतमाळला रूळ आले ते एकोणीसशे दहाच्या दशकात, आणि तेही अरुंद. किलिक निक्सन या कंपनीने उभी केलेली अडीच फुटी रेल्वे: यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, तिथून पुढे अचलपूर. कापूस मुख्य मार्गावर नेऊन टाकणं हा तिचा धर्म, प्रवासी हे वरकड उत्पन्न. तिलाच पुढे ‘शकुंतला’ म्हणू लागले. मँचेस्टरला १९२१मध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला १९९४पर्यंत ओढत नेलं, मग डिझेल आलं. फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरून ते लावायचा, गाडी पार झाली की उघडून पुन्हा चढायचा. देश स्वतंत्र झाल्यावरही दशकानुदशकं मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. आता गाडी बंद आहे. यवतमाळ स्टेशनाच्या आवारात गवत आणि क्रिकेट. शकुंतलेच्या आठवणीने गहिवरणारे लेख दरवर्षी येतात. तिच्या शेवटच्या वर्षांत या लेखकांपैकी किती जणांनी तिकीट काढलं होतं, हे मी विचारत नाही.

दोन्हीकडे उतार

आता पाणी. जिल्ह्यातली बहुतेक जुनी गावं नदीवर आहेत. पुसद पूस नदीवर, आर्णी अरुणावतीवर, घाटंजी वाघाडीवर, वणी निर्गुडेवर, कळंब चक्रावतीवर. यवतमाळ पाणलोटाच्या माथ्याजवळ बसलं आहे. उत्तरेला पडलेला पाऊस बेंबळेकडे आणि तिथून वर्धेला जातो, दक्षिणेला पडलेला वाघाडीसारख्या नद्यांवाटे पैनगंगेला. दोन्हीकडे उतार, इथे थांबत काहीच नाही. आणि या दोन नद्या एकमेकींना भेटतात त्या वणी तालुक्यात, जुगादला. साहेबाने ज्या वणीला नाकारलं तिच्याच दारात.

परगण्याच्या गावाला विहिरी पुरत होत्या. दहा हजारांच्या ठाण्यालाही विहिरी आणि तलाव धरून निभत होतं. तलावफैल हे नाव त्या दिवसांचं. २०११च्या जनगणनेत शहर १,१६,५५१ वर पोचलं, हद्दवाढीनंतर आणखी फुगलं. शहराला पाणी पुरवणाऱ्या जीवन प्राधिकरणाची मदार निळोणा आणि चापडोह या जवळच्या दोन धरणांवर. माथ्यावरची धरणं म्हणजे पाणलोट आखूड. एक पावसाळा हुकला की संपलं. २०१७चा हुकला. २०१८च्या उन्हाळ्यात दोन्ही तलाव तळाला गेले, नळ आठवडेच्या आठवडे कोरडे, टँकर आला की गल्लीभर ड्रमांची रांग. त्या उन्हाळ्यानंतर बांधलेल्या घरांची रचना पाहा: दिवाणखाना लहान चालेल, पण अंगणाखालची टाकी मोठी हवी. एका गवंड्याने मला सांगितलं की गिऱ्हाईक आता आधी टाकीची मापं देतं, मग खोल्यांची.

उपाय म्हणून बाभूळगाव तालुक्यातल्या खडकसावंग्याच्या बेंबळा धरणातून शहरासाठी पाणी वर आणायची योजना झाली. म्हणजे माथ्यावरून उतरून गेलेलं पाणी पुन्हा माथ्यावर चढवायचं, वीज जाळून, मोठाल्या नळांतून. नळ फुटल्याच्या बातम्या काही वर्षं नेमाने येत राहिल्या. अभियंत्यांना दोष देणं सोपं आहे. पण चढावर पाणी नेण्याची वेळ १८६४च्या त्या निवडीने आणली, हेही सांगायला हवं. साहेबाला चार बंगले, एक खजिना आणि एक तुरुंग ठेवायचा होता. लाखावर माणसं तिथे नळ मागतील असा त्याचा बेत नव्हता.

तरी माणसं इथून गेली नाहीत, उलट येतच राहिली. १९८९मध्ये वसंतराव नाईकांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि तारखेसाठी यायची तशी माणसं आता उपचारासाठी येतात. वॉर्डाबाहेर पथारी टाकलेल्या नातेवाइकांत कोलामी, गोंडी, गोरमाटी सगळ्या बोली ऐकू येतात. नवरात्रात तर आसपासच्या जिल्ह्यांतून लोंढे येतात. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव पाहावा तर यवतमाळचा, असं इथला माणूस छाती फुगवून सांगतो. प्राचीन देवीस्थान म्हणाल तर ते केळापूरला आहे, जगदंबेचं. यवतमाळच्या देव्या मंडळांच्या, दरवर्षी नव्याने बसवलेल्या. मला तरी हे शहराच्या स्वभावाला धरूनच वाटतं: मूळ स्थान दुसरीकडे, गर्दी इथे.

पुन्हा कळंब

आणखी एक कचेरी, नव्हे, आणखी एक मार्ग आता शहराला नव्याने मांडतो आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज. वर्षानुवर्षं फक्त अर्थसंकल्पाच्या बातमीत धावणाऱ्या या रेल्वेचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. म्हणजे मोठी गाडी जिल्ह्याच्या ठाण्याच्या आधी कळंबला पोचली. चिंतामणीच्या दर्शनाला येणारे काही भाविक आता वर्ध्याहून रेल्वेने येतात. कळंबच्या चहावाल्याला याचं मोठं समाधान आहे. “यवतमाळवाल्याइले गाडी धराले आता आमच्याकडं यावं लागते,” असं त्याने मला दोनदा ऐकवलं.

कळंबच्या पुढचं काम यवतमाळच्या दिशेने चालू आहे. भराव, पूल, बोगदा, आणि भरावाच्या दोन्ही बाजूंनी, रूळ पडायच्या आतच, चुन्याच्या रेघा. शेतात आखलेले भूखंड, वीस बाय पन्नास, तीस बाय पन्नास, कोपऱ्यावर कमान आणि कमानीवर एखाद्या देवाचं नाव. १८६४मध्ये कचेरीच्या फाटकाबाहेर जसे स्टँपवाले आणि खानावळवाले आधी पोचले, तसे इथे जमिनीचे दलाल पोचलेत; खुर्ची, छत्री आणि नकाशाची सुरळी घेऊन. फलकावर लिहिलेलं आहे: डांबरी रस्ता, विजेचे खांब, बगीचा, मंदिरासाठी राखीव जागा, नियोजित रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. पाण्याचं काय, म्हणून विचारलं. दलालाने छत्रीच्या टोकाने भूखंडाचा कोपरा दाखवला आणि म्हणाला, बोअर ज्याने त्याने आपापलं मारायचं.